चुकांसकट

गुणाजीकाका कुठल्याही दुकानात गेले की आधी एकच मागणी करतात. "तुझा वायट काम दाखव."

सुतार असो, शिंपी असो, दातांचा डॉक्टर असो. समोरच्याने हौसेने चांगला नमुना काढला की काका हात आडवा करतात. "चांगला सगळेच दाखयतत. बिघडलेला खय ठेवलंस, ता काढ." दातांच्या डॉक्टरकडे तर त्यांनी ज्या पेशंटची कवळी बसली नाही त्याचा पत्ता मागितला होता. डॉक्टरने त्यांनाच बाहेरचा पत्ता दाखवला. काका कवळीशिवाय परतले आणि वर्षभर पेज पीत आणि पोई, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, चहात बुडवून खात राहिले.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं करणारा एक कारखाना होता. तिथे काकांनी तीस वर्षं झाकणं तपासली. चांगली झाकणं पुढे जायची, वाईट झाकणं काकांपुढे साचायची. त्यामुळे असेल, पण जगातलं चांगलं त्यांच्या डोळ्यांना दिसेनासंच झालं. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात भिंग असतंच. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला की काका पोई उलटी करून बुडाला भिंग लावतात. "रिजेक्ट." पोदेर दुसरी काढतो. तीही रिजेक्ट. मग तिसरी म्हणून तो पहिलीच परत देतो, आणि ती पास होते.

मी त्यांची शेजारीण. गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही इथे पार्से गावात घर बांधलं तेव्हा कुंपणाची भिंत अर्धा इंच झुकलीय हे त्यांनी मला बोलावून दाखवलं. तोवर ती भिंत सरळ होती. त्या दिवसापासून मला त्या भिंतीत झुकाव सोडून काही दिसत नाही.

असे हे काका गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाईल मारून माझ्या फाटकाशी उभे राहिले.

"बाये, स्कूटर मोकळी आसा? हरमलाक जावक व्हया."

"हरमलला कशाला, काका?"

"गोंदून घेवचा आसा."

सत्तरीला टेकलेला माणूस, मिशा पांढऱ्या, कपाळाला गंध. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांनी फाईल उघडली. आत पातळ पारदर्शक कागदावर पेन्सिलीने काढलेलं एक छोटं तुळशीवृंदावन होतं. खाली पाच ठिपके. वृंदावनाची खालची रेघ डावीकडे कललेली, शेवटचा ठिपका ओळ सोडून भलतीकडेच गेलेला. प्रत्येक रेघेशेजारी मिलिमीटरमध्ये माप.

ते मी ओळखलं. ते सुशीलाकाकीच्या हातावरचं गोंदण होतं.

सुशीलाकाकी म्हणजे त्यांची बायको. गेली पाच वर्षं ती हळूहळू विसरत चालली होती. आधी आमटीतलं मीठ, मग देवळाची वाट, मग माझं नाव. मूलबाळ नाही, त्यामुळे विसरायला माणसं फार नव्हतीच. शेवटी काका उरले होते, आणि गेल्या वर्षी तेही तिच्या आठवणीतून गेले. काका ताट घेऊन खोलीत शिरले की ती पदर डोक्यावरून ओढून कोपऱ्यात सरकायची. "घरात दादलो माणूस नाय," म्हणायची, "हे कामार गेलेत. ते इले काय येवा."

काका ताट ठेवून बाहेर बाल्कांवावर, ओसरीतल्या बाकावर, जाऊन बसायचे. पंधरा मिनिटांनी खोकून, चपला वाजवून, नव्याने घरी आल्यासारखे आत जायचे. ती पुन्हा पदर ओढायची. दिवसातून सात-आठ वेळा तरी हे चालायचं. मी संध्याकाळी जाऊन चार घास भरवत असे. माझ्या हातून कधी खायची, कधी नाही. तिची मनगटं काठीसारखी झाली होती.

एके दिवशी मासे विकणारी बाई जनेलाशी, खिडकीबाहेर, टोपली घेऊन उभी राहिली. तिच्या हातावर गोंदण होतं. काकीने ते पाहिलं, जनेलातून हात घालून तिचा हात धरला आणि ओरडली, "आक्का इली!" मासेवाली भली बाई. ती आत आली, हात धुऊन तिने काकीला ताटभर भात भरवला. काका दाराआड उभे राहून बघत होते. शेवटच्या दोन घासांशी काकीची नजर पुन्हा त्या गोंदणावर गेली. तिने ठिपक्यांवर बोट फिरवलं, हात झटकला आणि तोंडातला घास थुंकला. "ही आक्का न्हय!"

आक्का म्हणजे काकीची थोरली बहीण, वारून वीस वर्षं झालेली. लहानपणी दोघींनी आरोंद्याच्या जत्रेत एकत्र गोंदून घेतलं होतं. आक्काने दुखलं म्हणून हात ओढला आणि तिचं वृंदावन वाकडं झालं. धाकट्या सुशीलाचा हात स्थिर होता. पण आक्काचं वाकडं बघून तिने रडून जत्रा डोक्यावर घेतली, मलाही तसंच वाकडं हवं. गोंदणारीने मग मुद्दाम तसंच वाकडं काढून दिलं. ही गोष्ट काकीने लग्नानंतर काकांना सांगितली होती. तेव्हा काकांनी तिच्या हातावर भिंग धरून "कामात सफाई नाय" असा शेरा मारला होता. हेही त्यांनीच मला सांगितलं, स्कूटरवर, मागे बसून, हेल्मेटच्या आतून.

"म्हणान हुबेहूब व्हया," ते म्हणाले. "ठिपको हयचो थय झालो तर ती वळखतली, ही आक्का न्हय म्हणान."

हरमलचं दुकान थंडगार होतं. मानेवर गरुड काढलेला एक तरुण आमच्याकडे आला. काकांनी फाईल उघडली, भिंग काढलं आणि म्हणाले, "वायट काम दाखव." त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. वाघ, शंकर, कुणाच्या तरी मुलीचा चेहरा. काका म्हणाले, "ह्यो सगळो त्याच दिसाचो माल. कातडी अजून लाल आसा. पाच वर्सांनी कसो दिसता?" तो हसला. पण सुई त्याने नवं पाकीट फोडून दाखवली, आणि काकांनी मान डोलावली. भाव आठ हजार. काका त्याला आठ हजारही द्यायला तयार झाले होते. तेवढ्यात तो कागद बघून म्हणाला, "अंकल, ये लाईन टेढी है. मैं सीधा करके, नीचे कमल डाल दूंगा. फ्री."

"रिजेक्ट," म्हणून काका उठले.

पुढच्या रविवारी धारगळ. हमरस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक गोंदणारा बसला होता. दोनशे रुपये, दहा मिनिटं, जसं आहे तसं. वाईट काम मागितल्यावर त्याने स्वतःचाच दंड पुढे केला. त्यावर एक मारुती होता, निदान त्याचं म्हणणं तरी तसं होतं. काका खूश झाले. "माणूस खरो आसा," मला म्हणाले.

मग त्यांनी सुई पाहिली. आधीच्या गिऱ्हाइकाची सुई त्याने फडक्याला पुसली आणि तेच फडकं खांद्यावर टाकलं.

त्या दिवसापर्यंत काकीने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. काका स्टुलावर बसले. शर्टाची बाही वर केली. हात पुढे केला. मग मागे घेतला. पुन्हा पुढे केला. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, ताडपत्री फडफडत होती, आणि हा जन्मभर झाकणं नापास करत आलेला माणूस दोनशे रुपयांच्या सुईसमोर घामाने भिजून बसला होता. शेवटी ते उठले. मी स्कूटर काढली. तुये मागे पडल्यावर म्हणाले, "हात पिकलो आनी मी पडलंय, तर तिका कोण बघतला?"

तिसरी गोंदणारी डिचोलीची. कापडाच्या दुकानावर जिना चढून एक खोली, आणि त्यात रेश्मा नावाची मुलगी. केस मुलासारखे कापलेले. काकांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं. तिने मुळीच आढेवेढे न घेता एक जाडी वही काढली. "हे माझ्या आईच्या हातावरचं. शाई पसरली. हे पहिल्या वर्षीचं, नाव चुकलं. ह्या काकांची कातडी तुमच्यासारखी पातळ होती, मला कळलं नाही." काका पान न पान भिंगातून बघत होते. एखादा माणूस पंचांग वाचतो तसं.

मग तिनेच त्यांना तपासायला सुरुवात केली. वय? गोळ्या कसल्या? साखर? काकांनी साखरेचा आकडा सांगितला आणि तिने वही मिटली.

"एवढ्या साखरेवर मी सुई लावणार नाही. जखम भरायची नाही. साखर खाली आणा, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग या."

"किती दिस?"

"दोन महिने तरी."

"आनी ही वाकडी रेघ जमतली?"

तिने कागद उजेडात धरला. "सरळ रेघ हात आपोआप मारतो. दुसऱ्याची चूक तशीच्या तशी मारायची तर सराव करावा लागेल. तीन हजार होतील."

जिना उतरताना काकांचा चेहरा उजळला होता. "बाये, माका रिजेक्ट केल्यान!" तीस वर्षांत त्यांना त्यांच्या तोडीचं माणूस भेटलं होतं. पण खाली स्कूटरशी आल्यावर ते फूटपाथवर बसलेच. "तीन हजार दितंय. दोन म्हयने खयसून हाडू?"

ते दोन महिने सुरू झाले. काकांनी चहातली साखर सोडली, भात सोडला, पहाटे शेताच्या बांधांवरून चालायला लागले. ते असे वाळत होते आणि आत ती वाळत होती. मधे तिला चार दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. घरी आली ती छताकडे बघत पडून राहायची. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, कसली क्वालिटी धरून बसलाय? ती जाईल, आणि तुम्ही चालतच राहाल! धारगळला जाऊ या, आत्ता." ते म्हणाले, "फाल्या जावया." दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढून ठेवली, तर काका चपला घालून बांधावरून चालत दूर गेलेले दिसले. मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

साखर खाली आली. चिठ्ठी मिळाली. रेश्माने नकली कातडीवर सोळा वेळा ती चूक गिरवली होती. काकांनी पंधरा नापास केल्या. मग तिने त्यांच्या हातावर सुई लावली. काका डोळे मिटून बसले. खपली धरून पडेपर्यंत अजून तीन आठवडे गेले.

ती दुपारची वेळ होती. मी काकीच्या उशाशी बसले होते. काका अर्ध्या बाहीचा शर्ट घालून पेजेची वाटी घेऊन आत आले. तिने पदर ओढला. काका खाली बसले आणि त्यांनी आपला हात तिच्या हाताशेजारी गादीवर ठेवला.

ती बराच वेळ बघतच नव्हती. मग बघितलं. बोट पुढे आलं. वृंदावनावरून, कललेल्या रेघेवरून, एक, दोन, तीन, चार. शेवटच्या ठिपक्याशी बोट थांबलं. मी श्वास धरला. काकांनीही धरला असावा, कारण वाटीतली पेज हलायची थांबली.

"आक्का," ती म्हणाली, "खय हुतंस गो इतके दिस?"

ती रडली, आणि रडता रडता सगळी पेज प्यायली. मग हात वर करून त्यांच्या मिशांना लावला. "ह्या काय गो तोंडार?" दुसऱ्या दिवशी काकांच्या चाळीस वर्षांच्या मिशा नव्हत्या. पोदेराला ते सुतकाचं वाटलं, त्याने घाईघाईने "मामी बरी आसा मगे?" असं विचारलं.

आता ती खाते. थोडं, पण खाते. काका दिवसभर आक्का असतात. आरोंद्याच्या आठवणी तिच्याकडून ऐकतात, ठाऊक नसलेल्या गोष्टींना हो म्हणतात, वेणी घालतात. बाहेर आले की बाल्कांवावर बसून राहतात. मी एकदा विचारलं, "बरं वाटतं ना आता?" ते म्हणाले, "तिका बरा वाटता."

परवा दुपारी मी फणसाची भाजी द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत काका तिला भरवत होते.

"आक्का, तू आज जाव नको," ती सांगत होती. "हे येतले कामारसून. तू त्यांका बघलंस?"

"लग्नात बघलेले."

"कसे वाटले तुका?"

काका वाटीत चमचा फिरवत राहिले. "बरे आसत."

"बरे आसत गो," काकी म्हणाली. "पण माझ्याकडे कधी बोलनत नाय."

काकांनी तिच्याच पदराच्या टोकाने तिचं तोंड पुसलं.

"सांगतंय मी त्यांका," ते म्हणाले.