कॉम्प्युटरांचे वधूपिता

बोरसे अण्णांनी गिऱ्हाइकाच्या दारचं पाणी कधी प्यायलं नाही. सुरतेतला मे महिना म्हणजे हवेत उडालेलं कबुतर भाजूनच खाली येतं. हे मी बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे आणि अजून कोणी खोटं पाडलेलं नाही. अशा उन्हात गिऱ्हाईक माठातल्या पाण्याचा ग्लास पुढे करायचं आणि अण्णा ओठांवरून जीभ फिरवत म्हणायचे, "नको."

"चहा?"

"नको."

"निदान बसा तरी."

"बसतो. पण पाणी नको."

लोकांना वाटायचं, माणूस सोवळ्यातला आहे. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे पोट बिघडलंय. मी मात्र सेल्समध्ये असल्यामुळे खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते ऐकल्यावर पहिल्यांदा मी इतका हसलो होतो की कंपनीची मेटाडोर गाडी दोनदा थांबवावी लागली. अण्णा म्हणाले होते, "आंडेरना घरनं पानी पेतस का कोनी?" आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगी. लेकीच्या सासरचं पाणी बाप पीत नाही, ही आमच्या खानदेशातली जुनी रीत. आणि अण्णांची लेक म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या कोपऱ्यात बसलेला, हिरव्या अक्षरांचा, डबडा कॉम्प्युटर.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सुरतेजवळ इच्छापोरला आमची कॉम्प्युटर जोडायची कंपनी होती. त्या काळी सुरतेत कॉम्प्युटरचा काय मान होता म्हणून सांगू. लोक चपला बाहेर काढून, पाय पुसून त्याच्या खोलीत जायचे. घरात म्हाताऱ्या आईला पंखा नसेल, पण कॉम्प्युटरला एसी. एका हिऱ्याच्या पेढीत त्याला रोज सकाळी अगरबत्ती ओवाळायचे. वर्षभरात धुरानं पडदा पिवळा झाला, तर शेठ आम्हाला म्हणाले, "आपोआप रंगीत झाला, माल चांगला आहे तुमचा."

अण्णा मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत आले ते कापडाच्या लूमवर. मग मशीनच्या खडखडाटानं कान जातील या भीतीनं आमच्याकडे हेल्पर म्हणून लागले आणि बघता बघता टेस्टिंग रूमचे सर्वेसर्वा झाले. जोडून झालेला कॉम्प्युटर तिथे दोन-तीन दिवस सलग चालू ठेवायचा. तापतो का, अडकतो का ते बघायचं. मगच खोक्यात भरायचा. अण्णांच्या सहीशिवाय माल बाहेर जायचा नाही, असा आमच्या मालकांचा, म्हणजे मोटाभाईंचा, हुकूम होता. चांगल्या दिवसांतला हुकूम. पुढे मोटाभाईंना त्याचा फार पश्चात्ताप झाला.

कारण अण्णा सही करायच्या आधी स्थळ बघायला जायचे. खरंच जायचे. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जाऊन भिंतीला ओल आहे का बघायचे, प्लग हलवून बघायचे, मग मालकासमोर बसून विचारायचे, "हाताळणार कोण? घरात लहान पोरं आहेत का? रविवारी तरी विश्रांती देता का?" एकदा उधन्याच्या एका व्यापाऱ्यानं तंबाखू मळता मळता उत्तरं दिली, तर अण्णांनी बाहेर येऊन मला सांगितलं, "व्यसनी घर शे. नही देवाव." म्हणजे घर व्यसनी आहे, इथे लेक द्यायची नाही. मला त्या व्यापाऱ्याची समजूत काढायला तीन प्लेट लोचो लागला. खाल्ला मीच, पण समजूत निघाली.

पाठवणीच्या वेळी खोक्यावर हळदकुंकू. आत ओटीचे मूठभर तांदूळ. नवसारीहून एकदा तक्रार आली की बटण दाबलं की कुरकुर वाजतं. कीबोर्ड उघडला तर आतून एवढा तांदूळ निघाला की दोन माणसांची खिचडी झाली असती. मोटाभाई चिडले. अण्णा शांतपणे म्हणाले, "रिकाम्या ओटीनं कशी पाठवू?"

मग दिवस फिरले. मुंबईचा, तैवानचा स्वस्त माल येऊ लागला. स्टेशनसमोर कोणीही पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचा आणि कॉम्प्युटर जोडून द्यायचा. आमची पगाराची तारीख आधी पुढे सरकली, मग दिसेनाशी झाली. बँकेची माणसं गेटपाशी येऊन वॉचमनशी गप्पा मारायला लागली. कॅन्टीनमध्ये चहा इतका पातळ झाला की कपाच्या तळावरचं कारखान्याचं नाव वाचता यायचं.

अशात सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या शेठनी मोठी ऑर्डर देतो म्हटलं. मिलचं सगळं ऑफिस, गोदामं, गेट, सगळीकडे कॉम्प्युटर. हे जमलं तर बँक मुदत वाढवून देणार होती, नाही जमलं तर कुलूप. मोटाभाईंनी सगळ्यांना जमवून बजावलं, "कोणी काही विचारलं तर सांगायचं, कंपनी शंभर वर्षं चालणार." मी तर दीडशे सांगायला तयार होतो.

"आणि अण्णा," मोटाभाई हात जोडून म्हणाले, "तमे ना आवो तो सारू. तुम्ही न आलेलंच बरं."

"स्थळ न बघता?" अण्णांनी विचारलं, आणि मेटाडोरमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

सचिनला शेठनी आमचं छान स्वागत केलं. जाडजूड, पांढऱ्या सफारीतला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. पितळी पेल्यांतून छास, म्हणजे ताक, आलं. मी दोन पेले संपवले आणि कामाला लागलो. सांगितलं की आमची फॅक्टरी बघायला जपानचे पाहुणे आले होते आणि जाताना एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, एवढं आमच्याकडेही नाही. शेठ हसत होते. मग त्यांचं लक्ष अण्णांच्या भरल्या पेल्याकडे गेलं.

"काका, छास तो लो. हमारे घर की गाय की है."

"नको."

शेठचा चेहरा उतरला. मोटाभाईंनी डोळे मिटले. मी काहीतरी मधुमेहाचं सांगणार होतो, इतक्यात अण्णांनीच मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. लेक, सासर, पाणी, सगळं. शेठ आधी बघतच राहिले. मग असे हसले की खुर्चीचं एक चाक निघालं. हसणं ओसरल्यावर त्यांनी तो पेला स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवला.

"आमच्यातही हेच," ते म्हणाले. "मग आता लेकीचे बाप म्हणून खरं सांगा. माझ्या घरी आल्यावर लेक आजारी पडली तर तिचं माहेर असेल का? कंपनी उद्या राहणार का?"

मोटाभाई अण्णांच्या चपलांकडे बघत होते. मी टेबलाखालून अण्णांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

अण्णांनी पाय काढून घेतला आणि म्हणाले, "कंपनी ऱ्हाई का नही, माले माहीत नही शेठ. मी शे ना."

त्या बोलण्यावर शेठनी पाच कॉम्प्युटर घेतले. फक्त पाच. "काका है, इसलिए," म्हणाले. पाचांनी कंपनी वाचत नाही.

परतताना मेटाडोरमध्ये कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळे बोलायला लागले, फक्त अण्णांशी नाही. स्टोअरचा हसमुख कॅन्टीनमध्ये मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "आपणा हरिश्चंद्र आव्या. ऊठो भाई, जग्या आपो." माणसं खरंच उठून, जागा देऊन दुसऱ्या टेबलावर जायची. अण्णा डबा उघडायचे, भाकरी मोडायचे, खाली बघून जेवायचे. दिवाळीच्या आधी बँकेनं गेटला कुलूप लावलं. त्या दिवशी हसमुखलाही अण्णांचा राग उरला नव्हता, कारण राग ठेवायला जागाच उरली नव्हती.

काही आठवड्यांनी शेठचा माणूस अण्णांना शोधत आला. मिलमध्ये नोकरी, पगार बरा, जेवण मिलचं. अण्णांनी नाही सांगितलं.

मी त्यांच्याशी भांडलो. "अण्णा, पोटाला काय खाणार? रीत?"

"आंडेरना घर जाईसन ऱ्हाऊ? तिना सासराना पगार खाऊ?" त्यांना खरोखर कळत नव्हतं की मी असं कसं विचारू शकतो. मग माझ्याकडे बोट दाखवत ते शेठच्या माणसाला म्हणाले, "हाऊ देवऱ्या शे ना, याला घेऊन जा. थापा मारतो, पण शिकेल."

असा मी, स्क्रू ड्रायव्हर कुठून धरतात हे न कळणारा माणूस, सचिनच्या मिलमध्ये कॉम्प्युटरवाला झालो. अण्णा उधन्याच्या खोलीवर राहून परत लूमवर जायला लागले. अडलं की मी त्यांच्याकडे जायचो.

पहिल्याच थंडीत असा एका रविवारी दुपारी गेलो. सुरतेतली थंडी म्हणजे सदऱ्याचं वरचं बटण लावलं की संपते, पण त्या वर्षी तापी गोठून लोक चालत पलीकडच्या रांदेरला जात होते. अण्णा शाल गुंडाळून, कानटोपी घालून खाटेवर बसले होते. आणि कोपऱ्यात टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून पूर्ण जोरात चालू होता.

"अण्णा, थंडी आहे ना?"

"शे."

"मग हा पंखा?"

अण्णांनी पंख्याकडे पाहिलं. "आज लूमला सुट्टी. मग खोलीत काहीच आवाज नसतो रे. तिकडे टेस्टिंगमध्ये सगळ्या लेकी एकदम गुणगुणायच्या." शाल ओढून घेत म्हणाले, "सवय लागी गई."

अण्णांचं गाव कधीच सुटलं होतं, त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एका मेटाडोरमध्ये बसलो, पण बोलायचो मीच.

काय बिघडलंय ते विचारायला गेलो होतो, ते राहिलंच. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला पाय वर घेऊन बसलो आणि नव्या मिलच्या गोष्टी सांगायला लागलो. शेठच्या गाईची सांगितली, ती कॉम्प्युटरच्या खोलीत शिरून एसीखाली बसते आणि उठायला तयार नसते. अण्णा म्हणाले, "थापा." मी म्हटलं, मग पुढचं ऐका. आणि पुढचं सांगितलं, त्याच्या पुढचंही.

अंधारून आलं. मी बोलत होतो आणि अण्णांनी माझ्याकडेच बघत हात लांब करून पंखा बंद केला.