चालणारा मासा आणि आमचे हे

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत एकानेही नाही. मी सांगितलं, खाडीच्या चिखलावरून मासा चालत आला, पंखांवर रेलून, डोळे पार टाळूवर, तर मंगलाबाई म्हणाली, "सुंदराताई, ऊन लागलं असंल. कांदा हुंगा."

तुम्हाला गंमत वाटते. पण नळावर कोणाचा हंडा आधी, हे मी सांगते आणि ते चालतं. चौथीपर्यंतच शिकले, पण माझा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, "कविताचा नंबर पहिला होता," तर मागून आवाज आला, "कोणी सांगितलं, माशाने?"

झालं असं. यांच्या मिलला सुट्टी होती. आमचा लखन म्हणाला, डुमसच्या पुढे खाडीत कयाक भाड्याने देतात, पक्षी-प्राणी दिसतात. कयाक म्हणजे केळाच्या सालीएवढी होडी. भाडं आपण द्यायचं आणि वल्हंही आपणच मारायचं. मी म्हटलं, "उद्या रिक्षाला भाडं देऊन ढकलायलाही लावशील." पण मंगलाबाई नुकतीच दमणला जाऊन आली होती आणि रोज तेच सांगत होती. म्हणून मी हो म्हटलं.

तिथे एका बँकेतल्या मराठी लोकांची पिकनिक आली होती. होडीवाल्याने मला लाल जाकीट चढवलं (बटणं लागेनात, म्हणून दोरी बांधली) आणि बजावलं, "मासी, ओट पहेलां पाछा आवी जजो. पाणी ऊतरी जशे." म्हणजे ओहोटीच्या आधी परत या.

मी मनात म्हटलं, गिऱ्हाइकाला लवकर परत बोलवायची युक्ती. आम्ही खानदेशची माणसं. आमच्याकडे नदी आटते ती उन्हाळाभर हळूहळू. जेवणाच्या वेळेत कुठे पाणी पळून जातं?

पुढच्या होडीत लखन आणि सूनबाई योगिता, मागच्या होडीत आम्ही. योगिता बोट दाखवून म्हणे, "आई, एग्रेट." होता बगळाच. इंग्रजी नाव दिलं की भाडं लावता येतं.

पोरं पुढे निघून गेली. झुडपांच्या सावलीत मी हुकूम सोडला, "थांबा, भाकरी खाऊ." हे म्हणाले, "तो माणूस काहीतरी सांगत होता."

"तो माणूस भाकरी देणार आहे का?"

ठेचा, भरीत, वरून कांदा. डबा झाकला, हात धुवायला वाकले तर खाली चिखल. पाणी गेलं होतं. होडी फरशीवर ठेवल्यासारखी बसलेली.

हे ढकलायला उतरले आणि गुडघ्याएवढे आत गेले. मग कसेबसे माणूस शोधायला झुडपांमागे दिसेनासे झाले. आणि तेवढ्यात तो मासा आला. त्याच्यामागे दुसरा. एकाने तर उडी मारून मला न्याहाळलं. साक्षीदार हवा होता. मी ओरडले, "अहो!"

झुडपांमागून तीन पुरुष म्हणाले, "ओ!"

पिकनिकमधली एक बाई म्हणाली, "आमचे इथेच आहेत. तुम्ही नाव सांगा ना."

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुन्हा ओरडले, "अहो!" पुन्हा तीन ओ. माझं डोकं फिरलं. "परक्या बाईला ओ देता? तिघेही गप्प बसा. एक शब्द नको."

तिघेही गप्प बसले.

मग होडीवाला चिखलावर टाकलेल्या फळीवरून घसरत आला. "मासी, काका क्यां? नाम बोलो, हुं बूम पाडुं." त्याला हाक मारायला नाव हवं होतं.

"नाव नाही घेत."

"तमारे वर नथी?"

"आहे. म्हणूनच घेत नाही."

शेवटी हे सापडले एका मुळावर बसलेले, कमरेपर्यंत चिखल. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. बिल्डिंगीत मी म्हटलं, "विचारा यांना," तर नुसते माझ्याकडे बघत राहिले. तिथेच माझा मासा मेला.

नळावरचं ते बोलणं ऐकलं आणि मी ठरवलं, निकाल लावायचा. संध्याकाळी ओट्यावर सगळ्या बायका जमवल्या, यांना मध्ये बसवलं. "बोला. मासा पाहिला की नाही?"

"पाहिला," हे म्हणाले. "माझ्या पायावरूनच गेला."

मी विजयाने सगळ्यांकडे बघितलं. (इथेच थांबायला हवं होतं.)

"मग काल का नाही बोललात?"

"मी दोनदा ओ दिली. तू म्हणालीस, गप्प बसा, एक शब्द नको. बोला असं आत्ता म्हणालीस."

मंगलाबाई हसता हसता पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. कविता, जिच्या हंड्यासाठी मी भांडले, ती तर खालीच बसली. "सुंदराताई, मासा मान्य," मंगलाबाई म्हणाली. "पण चूक कोणाची? तुमचा शब्द म्हणजे शब्द. नाव घेऊन सांगा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हेसुद्धा. पदर डोक्यावर घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदा उखाणा घेतला:

"खाडीतलं पाणी गेलं, कोणी म्हणालं नाही थांबा;
मी खरी, मासा खरा, चुकले एकटे निंबा."