भावंड सवलत

गेल्या जूनमध्ये माझ्या नवऱ्याला आमचा धाकटा मुलगा म्हणून रीतसर मंजुरी मिळाली.

कारण साधं होतं. आमची शाल्मली अकरा वर्षांची, बुद्धिबळात खरोखर हुशार, आणि कुलगुडे सरांच्या वर्गाची फी तिमाहीला सहा हजार. सख्खी भावंडं आली तर प्रत्येकी दोन हजार. म्हणजे दोन मुलं एका मुलापेक्षा स्वस्त पडत. पत्रक छापताना चूक झाली, हे सरांनाही मान्य होतं. पण छापलेला शब्द ते मोडत नसत.

आमचं मूल एकच. दुसरं परवडणार नाही, असं उल्हासनेच अकरा वर्षांपूर्वी वहीत हिशेब मांडून सिद्ध केलं होतं. त्याने पुन्हा वही उघडली. बाळंतपण, लसी, दूध, वरून चार-पाच वर्षं वाट बघणं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "त्यापेक्षा मीच जातो."

सरांनी अर्ज नीट वाचला. "वय त्रेचाळीस लिहिलंय. धाकटं भावंड थोरल्यापेक्षा लहान पाहिजे."

"मग नऊ करा," उल्हास म्हणाला.

"आणि दाढीचं काय?" मी विचारलं.

सरांनी नियमावली चाळली. "दाढीबद्दल काही दिलेलं नाही." आणि शिक्का मारला.

तिमाहीला दोन हजार वाचले. माझं काय झालं ते कोणी विचारू नये. उल्हासच्या ऑफिसने अज्ञान मुलाच्या हाती पगार देता येत नाही म्हणून तो माझ्या खात्यावर जमा करायला सुरुवात केली, आणि घरखर्चाची वही माझ्या गळ्यात आली. सकाळी दोन डबे, दोन बाटल्या. पंधरा वर्षं मी त्याला अहो म्हणत आले होते. नऊ वर्षांच्या मुलाला अहो म्हणता येईना. अरे, ऊठ. अरे, दात घासलेस का? तोही सुरुवातीला हसायचा. दिवाळीपर्यंत हसणं थांबलं आणि "आई, ताईला जास्त श्रीखंड दिलंस" सुरू झालं. गॅसचा नंबर लावायचा राहिला तर आता भांडायला घरात कोणी उरलं नव्हतं. लहान मुलाशी काय भांडणार?

पालकसभेत सर म्हणाले, "धाकटा हुशार आहे, पण हट्टी. घरी वडील लक्ष देतात का?"

"नाही देत," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये वर्गाची स्पर्धा झाली. जिंकणाऱ्याला वर्षभर मोफत शिकवणी. शाल्मलीने महिनाभर तयारी केली होती. ती जिंकली तर फीचा प्रश्नच मिटणार होता, आणि पुढे जिल्ह्याला खेळायचं तिच्या मनात होतं. अंतिम सामन्यात तिच्यासमोर उल्हास आला.

पूर्वी घरी खेळताना तो शेवटी गुपचूप एखादी सोंगटी चुकीच्या घरात ठेवायचा. तिलाही ते माहीत होतं, मलाही. त्या दिवशी त्याने असलं काही केलं नाही. एकेचाळिसाव्या खेळीला त्याने तिचा राजा कोंडला, आणि तो खुर्चीवर उभा राहून "हरली, हरली, ताई हरली" म्हणून नाचला. शाल्मली सोंगट्या डबीत भरत रडत होती.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर त्याचा कान पिरगळला. "लाज नाही वाटत? पोरीला रडवतोस?"

"मी का मुद्दाम हरायचं?" तो कळवळून म्हणाला. "मोठी तर ती आहे!"

सरांनी निकालावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा तिघांना बोलावलं. मोफत शिकणारा विद्यार्थी भावंड म्हणून धरता येत नाही, त्यामुळे शाल्मलीची फी पुन्हा सहा हजार. "आणखी एखादं भावंड असेल तर बघा," ते सहानुभूतीने म्हणाले.

मी वही काढली. कुठूनही सहा हजार निघेनात. तिचा क्लास मी बंद पडू देणार नव्हते. मी माझ्या वाट्याचे दोन हजार भरले आणि अर्ज मागितला. नाव माझं, नातं धाकटी बहीण. वय सरांनी सात सुचवलं. शिक्का बसला.

"आता पालकाची सही," सर म्हणाले.

मी पेन घेतलं. सरांनी ते हळूच काढून घेतलं. "बाळ, तू नाही. घरात जबाबदार माणूस कोण?"

मी उल्हासकडे बघितलं, उल्हासने माझ्याकडे. मग आम्ही दोघांनीही शाल्मलीकडे बोट केलं.

तिने आमच्यासारखी घाई केली नाही. अर्ज पाठपोट वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, पालकाला विद्यार्थी म्हणून प्रवेश नाही, असं लिहिलंय इथे."

"नियम आहे तसा."

"मग माझा अर्ज फाडा!" मी ओरडले. "तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"शिक्का बसलाय. दिलेली सवलत आणि भरलेली फी परत घेता येत नाही," सर म्हणाले.

शाल्मलीने वही माझ्या हातातून घेतली. दोन पानं उलटली, ओठातल्या ओठात बेरीज केली. मला रडू येत होतं, पण सात वर्षांच्या मुलीच्या रडण्याकडे कोण लक्ष देतं?

"दोन हजार फुकट घालवायचे नाहीत," ती म्हणाली. "मी सोडते क्लास. तुम्ही दोघं नीट शिका. आणि उल्हास, हिला त्रास द्यायचा नाही."

तिने सही केली. आम्ही आत जाऊन सतरंजीवर बसलो. उल्हासने मला घोडा कसा चालतो ते दाखवायला घेतलं, पण माझं लक्ष दाराबाहेर होतं. तिथल्या बाकावर इतर मुलांच्या आया बसल्या होत्या. आमच्या दोन्ही बाटल्या घेऊन शाल्मली तिकडे गेली. त्यांनी सरकून तिला जागा दिली आणि मुलं कितवीत आहेत, ते विचारलं.