चौबळ काका आणि ब्रिटनची गोदी

दर बुधवारी सकाळी सात वाजता आमच्या भिंतीतून ब्रिटनच्या संसदेचे सभापती ओरडतात. "ऑर्डर. ऑर्डर." भिंत टाउनहाउसची, म्हणजे दोन घरांत मिळून एक, आणि आतून जवळजवळ पुठ्ठ्याची. पलीकडे चौबळ काका राहतात. तिकडे लंडनला दुपारचे बारा वाजलेले असतात आणि पंतप्रधानांना प्रश्न विचारायची वेळ झालेली असते. इकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीमध्ये मी दात घासत असते, आणि तोंडात फेस असतानाच मला कळतं की विरोधी पक्षनेत्याचं उत्तराने समाधान झालेलं नाही.

आम्ही या घरात नवीन आलो तेव्हा मला वाटलं शेजारी भांडण चाललंय. माझा नवरा मंदार म्हणाला, "इतक्या शुद्ध इंग्रजीत भांडतायत म्हणजे देशी नसणार." त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. बुटके, टकलू, सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. हाफ पँट, मोज्यांवर चपला, हातात चकल्यांचा डबा.

"मी चौबळ. शेजारचा. सकाळी आवाजाचा त्रास झाला का?"

"नाही, नाही," मी म्हणाले.

"व्हायला पाहिजे होता. आज संरक्षणमंत्र्यांबद्दल जे उत्तर दिलं, त्याने कोणालाही त्रास व्हावा."

डबा माझ्या हातात देऊन ते आत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काका बसतच नाहीत, हे मला नंतर कळलं. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून सोफ्यापर्यंत चालत त्यांनी आम्हाला पाऊण तास ब्रिटनच्या नौदलाची अवस्था सांगितली. मी नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. तरी त्या संध्याकाळनंतर कोरडी गोदी म्हणजे काय, हे मी कोणालाही समजावून सांगू शकते. बोट आत घ्यायची, दरवाजे बंद करायचे, पाणी उपसायचं, आणि मग तिच्या पोटाखाली शिरून दुरुस्ती करायची. गोदी रिकामी नसेल तर बिघडलेली बोट बाहेर रांगेत उभी राहते.

"आणि हे काय करतात?" काका फ्रिजपाशी थांबले. "नवीन बोटींच्या घोषणा. अरे, आहेत त्या दुरुस्त कोण करणार? प्राधान्य चुकलं. मुळात प्राधान्य चुकलं."

'प्राधान्य चुकलं' हे त्यांचं पालुपद. काका औषधाच्या कंपनीत मशीन मेंटेनन्सला होते. मशीनची एखादी लाइन बंद पडायच्या आदल्या दिवशी ते तिच्याजवळ कान लावून उभे असायचे, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. निवृत्त झाल्यावर कान लावायला मशीन उरलं नाही, म्हणून त्यांनी एक अख्खा देश घेतला, अशी आमची समजूत होती.

त्यांचं राजकारण पक्षातीत आहे. आपल्याकडची वर्तमानपत्रं तिथल्या पक्षांना हुजूर आणि मजूर म्हणतात, काकाही तेच म्हणतात. "हुजूर असोत नाहीतर मजूर असोत, गोदीकडे कोणी बघत नाही. रिबिन कापायला मिळत नाही ना. दुरुस्तीची रिबिन कोण कापतो?" संरक्षणावर जास्त खर्च करायचा की इस्पितळांवर, यावर तिथे वाद पेटला की काका दोन्ही बाजूंनी अस्वस्थ होतात. गच्चीवर उभे राहून तिथल्या खासदारांना ईमेल लिहितात. खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या लोकांना उत्तरं देतात, म्हणून काका खाली आपला जुना पत्ता टाकतात. ते बारा वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिले होते. त्या पत्त्यावर आता एक दातांचा दवाखाना आहे. बिचाऱ्या दंतवैद्याला संरक्षण अंदाजपत्रकावरची सविस्तर उत्तरं येत असतात.

मग त्यांनी मोर्चा आपल्या इथल्या काँग्रेसमनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खासदाराच्या ऑफिसकडे वळवला. फोनवर बसणाऱ्या मुलीने नम्रपणे सांगितलं की सर, तुम्ही म्हणताय तो ब्रिटन आहे, हे नॉर्थ कॅरोलायना आहे.

"मित्रराष्ट्र आहे की नाही?" काकांनी विचारलं.

"हो सर."

"मग मित्राला सांगा की तुझं छप्पर गळतंय."

ते दर सोमवारी फोन करायचे. शेवटी ती मुलगी नाव न विचारता म्हणायला लागली, "गुड मॉर्निंग मिस्टर चौबळ. अजून गोदीच का?"

मराठी मंडळात तर त्यांची दहशत होती. एका वर्षी गणपतीच्या मीटिंगमध्ये स्टेजमागे लावायला मोठी एलईडी वॉल भाड्याने आणायचं ठरत होतं. काका खुर्च्यांच्या मागे येरझाऱ्या घालत होते. अचानक थांबून म्हणाले, "माइकच्या वायरी कधी तपासल्या?"

काका पुन्हा चालायला लागले.

"विमानवाहू नौका घ्याल, पण तिच्याबरोबर जायला साधी जहाजं कुठे आहेत तुमच्याकडे?"

अध्यक्ष म्हणाले, "काका, आपण आरतीबद्दल बोलतोय."

"मी पण आरतीबद्दलच बोलतोय."

एलईडी वॉल आली. आरतीच्या दुसऱ्या कडव्याला माइक गेला आणि तीनशे लोकांनी टाळ्यांवर आरती पूर्ण केली. काका मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळं सभागृह त्यांच्याकडेच बघत होतं.

या सगळ्यात शैला काकू शांत. "आमचा डिशवॉशर तीन वर्षं बंद आहे," त्या मला म्हणाल्या होत्या. "ब्रिटनची गोदी झाली की ह्यांना वेळ मिळेल."

त्यांना एकच मुलगी, केतकी. इंग्लंडमध्ये जन्मलेली, इथे वाढलेली, अठराव्या वर्षी शिकायला परत तिकडे गेलेली. ती काय करते असं विचारलं की काकू म्हणायच्या, "इंजिनियर आहे. बोटीवर असते." पुढे विषय बदलायच्या. आम्ही सगळ्यांनी ती प्रवासी क्रूझवर असते असं धरलं होतं. मंडळातल्या एका बाईंनी तर सवलतीत तिकीट मिळेल का म्हणून विचारलंही होतं. ती कधी येत नाही, काका तिचं नाव काढत नाहीत, तेव्हा बापलेकीचं काहीतरी बिनसलंय, असंही लोक बोलायचे. मीही त्या बोलण्यात मान हलवली होती.

गेल्या मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी काका आमच्याकडे आले. हातात लॅपटॉप उघडाच. चेहरा उतरलेला.

"अनुजा, तू ऑफिसात मोठे ईमेल छोटे करतेस ना? हे छोटं करून दे. एकशेवीस शब्द. वर एकही चालत नाही."

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. इंग्रजीत लिहिलेलं पत्र होतं. वर 'डिअर केतकी'. दोनशेच्या वर शब्द. त्यातले दीडशे गोदीबद्दल.

"ईमेलला शब्दमर्यादा कशाला?" मी विचारलं.

काका खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग पहिल्यांदाच आमच्या घरात खुर्ची ओढून बसले.

"ती पाणबुडीवर आहे," ते म्हणाले. "ब्रिटिश नौदलात. बोट एकदा पाण्याखाली गेली की महिनोन्‌महिने वर येत नाही. कुठे आहे ते कोणाला सांगत नाहीत. आतून काही पाठवता येत नाही, कारण पाठवलं तर बोट सापडेल. घरच्यांनी आठवड्यातून एकदा एवढेच शब्द लिहायचे. ते तिला मिळतात. उत्तर येत नाही."

"किती दिवस झाले?"

"परत यायची वेळ होऊन गेली. हिच्या जागी जी दुसरी बोट जायची ती दुरुस्तीला आहे. ती गोदीतून निघाली की ही परतणार. ती कधी निघणार, ते आई-बापांना कोणी सांगत नाही. संसदेत कोणीतरी विचारलं तर मंत्र्याच्या तोंडून काही निसटतं का, ते ऐकायचं. दुसरं काय करणार मी इथून?"

दोन वर्षं मी ज्या माणसाची नक्कल ऑफिसात करून दाखवत होते, तो दर बुधवारी आपल्या मुलीची परतीची तारीख शोधत होता.

"मग आज काय झालंय?" मी विचारलं. कारण काहीतरी झालेलं दिसत होतं.

काकूंच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणीचा रिपोर्ट चांगला नव्हता. ऑपरेशन गुरुवारी होतं.

"हे तिला लिहायचं नाही," काका म्हणाले. "निघायच्या आधी त्यांच्याकडून लिहून घेतात. घरी वाईट घडलं तर लगेच सांगायचं की परतल्यावर. तिने 'परतल्यावर' लिहिलंय. कळून करणार काय, तिथून येता थोडंच येतं? आणि आमचं पत्र आधी अधिकारी वाचतो, तसं काही असलं तर तिच्यापर्यंत जाऊ देत नाही. पण मला खोटं लिहिता येत नाही गं. 'आई मजेत' असं कसं लिहू?"

"खोटं नको लिहूया," मी म्हणाले. "खरं तेवढंच लिहूया. या आठवड्यात काकूंनी काय केलं?"

त्यांनी आठवून सांगितलं. आंबेहळदीचं लोणचं घातलं. केतकीच्या खोलीचे पडदे धुतले. समोरच्या डॉगवुडच्या झाडाला कळ्या आल्यात, त्या मोजल्या आणि हिशोब विसरल्या. मी ते सगळं साध्या वाक्यांत लिहिलं. जागा करण्यासाठी गोदीचा मजकूर एकेक ओळ करून काढला. प्रत्येक ओळ काढताना मी काकांकडे बघत होते, पण ते हो म्हणत गेले. अधिकाऱ्याला कळावं म्हणून मी लोणच्याला नुसतंच 'पिकल' लिहिलं, तेव्हा फक्त त्यांनी मला थांबवलं. "आंबेहळद राहू दे. तिला कळेल."

एकशे अठरा शब्द झाले. उरलेल्या दोनात काकांनी 'लव्ह, बाबा' घातलं आणि पाठवून टाकलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढे रेडिएशन सुरू झालं. मी आणि मंदारने आलटून पालटून ड्राइव्ह केलं, मंडळातल्या बायकांनी डबे दिले. एलईडी वॉलवाले अध्यक्ष एका शनिवारी हत्यारं घेऊन आले आणि काकांच्या सूचना ऐकत चार तासांत डिशवॉशर चालू करून गेले. बुधवारी सकाळी भिंत गप्प असायची. काका हॉस्पिटलमध्ये असायचे. मी दात घासताना उगाच कान देऊन थांबायचे, आणि मग एकदा ऑफिसला जायच्या आधी मीच फोनवर ती संसद लावली. गोदीबद्दल कोणी काही विचारलं नाही. दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

दर रविवारी आम्ही पत्र लिहीत होतो. पडदे, बागेतल्या कळ्या, हवा, शेजारणीचा करपलेला शिरा. शेजारीण म्हणजे मी. सात पत्रं गेली. काकांना सवय झाली होती. आता एकशेवीस शब्द त्यांना पुरायचे.

मेच्या मध्यावर एका सकाळी मी गाडी काढत होते. काका त्यांच्या पायरीवर उभे होते. हात खाली सोडलेले, अगदी स्तब्ध. मी गाडी बंद करून गेले. मला वाटलं काकूंचं काही झालं.

"केतकीचा फोन आला," ते म्हणाले. "बंदरात आली. आत शैलाशी बोलतेय."

"मग बाहेर का उभे?"

त्यांनी एकदा दाराकडे वळून बघितलं.

"मी फोन घेतला तर पहिला प्रश्न, 'आईला काय झालंय?' हॅलोसुद्धा नाही. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, 'बाबा, लागोपाठ सात पत्रांत तुम्ही गोदीचं नाव काढलं नाहीत. पहिल्या पत्रालाच मला कळलं.'"

गोदीच्या ओळी मी काढल्या होत्या.

"काका, माझ्यामुळे..."

"नाही, नाही. तू बरोबर केलंस. मी हो म्हटलं होतं ना?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सात आठवडे ती तिथे खाली हे घेऊन काम करत होती. कोणाला विचारायची सोय नाही. रोजची ड्यूटी करायची, आणि रविवारी आमच्या बागेतल्या कळ्या वाचायच्या."

आतून काकूंचा आवाज आला. आधी त्या रडत होत्या, मग काहीतरी सांगता सांगता हसल्या. काकांनी मागे हात नेऊन दार हळूच ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. मी ऑफिसला कळवलं की उशीर होईल, आणि त्यांच्या शेजारी बसले.