चार नंबरचा वारा

१२ जानेवारी, सकाळी सहा वाजून पाच मिनिटे. लातूरमधील आमची अख्खी गल्ली या क्षणी जागी झाली, कारण शेजारच्या गोविंदकाकांनी गाडीतल्या हीटरचा पंखा चार नंबरवर केला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी तो हलवावा, तसा आवाज. उन्हाळा असो वा हिवाळा, काकांचा आकडा चारच.

काकांना स्वस्थता ठाऊक नाही. सिग्नलला गाडी थांबते. त्यांची बोटे स्टिअरिंगवर चालतच राहतात. सुमनकाकू वारल्यापासून ते दर सोमवारी मुलीकडे नांदेडला जातात. माझी प्रयोगशाळा तिथेच, म्हणून मी सोबत. त्या खडखडाटात संभाषण अशक्य. काकांचे ओठ मात्र वाटभर हलत असत. भजन पुटपुटत असावेत, असा माझा निष्कर्ष होता.

"काका, पंख्याची मोटर बदलू या."

"काहून? गाडी बोलून राहिली, बोलू दे की!"

पुढच्या सोमवारी कारण नवे: "आजकालच्या मोटरीत दम न्हाई." त्यापुढच्या सोमवारी: "लई शिकलीस बाई, पण गाडी माझी हाय."

अखेर पंख्यातून जळका वास येऊ लागला, मुलीने फोनवरून दम भरला आणि काका नमले. रविवारी पंख्यापर्यंत पोहोचायला मी डॅशबोर्डमधला ग्लोव्ह बॉक्स उतरवला. मल्टिमीटरने पाहिले, प्लगपर्यंत वीज पुरेपूर येत होती, म्हणजे वायरिंग निर्दोष. तीन स्क्रू काढून मोटर खाली घेतली. बोट लावताच पंखा डुगडुगला. बेअरिंग संपले होते.

"जुनी फेकू नको हां!" काका गाडीभोवती फेऱ्या मारत ओरडले.

जुन्या मोटरीचा आवाज मी फोनवर मोजून ठेवला होता: ७४ डेसिबल. नवी बसवली, तिचा भरला ५२. मी विजयी मुद्रेने तो आकडा काकांना दाखवला. त्यांनी फक्त "हाव" म्हटले.

सोमवारी गाडीत विलक्षण शांतता होती. काकांनी आरसा चारदा सरळ केला, रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला. ओठ घट्ट मिटलेले. अहमदपूर मागे पडले. पुढे सवयीने त्यांचे भान सुटले असावे.

"सुमन, लोहा आलं बघ. चहा घेतीस का?"

शब्द स्वच्छ ऐकू आले. काकांचे कान लाल झाले.

"पंखा जरा... चारवर कर ना, बाई."

तो चारवरच होता.

मी माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली. बोचरा वारा घोंघावत आत शिरला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलू लागले.

मी ओढणी कानांभोवती घट्ट गुंडाळली आणि कुडकुडत फोन वर धरला.

७६ डेसिबल.