जिन्यातली खळ

खळ निवायला कुठे ठेवायची, यावरून त्या घरात आठवड्यातून दोनदा तरी बोलाचाली होई. बाइंडरमास्तर ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातली जीर्ण पुस्तकं घरी आणून बांधत आणि त्यासाठी मैद्याची पांढरीशुभ्र खळ शिजवून रंगाच्या एका जुन्या डब्यात ओतत. बायकोचं म्हणणं एवढंच, की ओट्यावर अन्नाची भांडी असतात, तेव्हा डबा खिडकीत ठेवावा. त्या दिवशी खिडकीत नुकतेच शिवलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या पानांचे जुडगे, पडले होते. ते उचलायला दोन मिनिटं लागली असती. जिन्याच्या वळणावर मात्र वारा छान होता. मास्तरांनी डबा तिथे ठेवला, झाकणानं निवायला वेळ लागतो म्हणून झाकणही लावलं नाही, आणि आत येऊन पुस्तकाचा कणा गोल करत बसले.

चार वाजता जिन्यात धप्प आवाज झाला. मग एक किंकाळी. मास्तर हातातलं पुस्तक ठेवून उठले.

दाराच्या फटीतून त्यांनी पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या टेलरबाई पायरीवर बसल्या होत्या. उद्या दुपारी ज्या मुलीचं लग्न, तिचा रेशमी पोशाख त्यांच्या कवेत होता, आणि त्याचा वीतभर घेर पांढऱ्या चिखलात लोळत होता. शेजारी रंगाचा डबा आडवा. तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस भिंती रंगवणं चाललं होतं, सगळ्या जिन्याला तोच वास. खळीचा संशय यायला जागाच नव्हती. मास्तरांनी दार हळूच लोटलं. माणूस भला, पण भल्या माणसालाही दार असतंच.

तेच दार टेलरबाईंनी वाजवलं. मास्तर दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, प्रार्थनामंदिरात त्या आठवड्याचा अध्याय समजावून सांगत, निम्मा बोलून, निम्मा गाऊन. बायका डोळे पुसत ऐकत. त्यामुळे इमारतीत कुणाचं काही बिनसलं, की न्याय मागायला लोक इथेच येत.

"मास्तर, तुम्हीच सांगा," टेलरबाई रडत म्हणाल्या, "डबा उघडा टाकून जाणाऱ्याचा दोष, की न बघता उतरणाऱ्या माझा?"

प्रश्न इतका सुरेख होता, की मास्तर क्षणभर स्वतःला विसरले. त्यांचा सूर आपोआप लागला. खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात कुणाचा बैल पडला, तर भरपाई खड्डेवाल्यानं द्यावी, असं आपल्या धर्मग्रंथात, तोरात, स्पष्ट आहे, ते म्हणाले. आपले जाणते तर त्याही पुढे जातात. माणूस जागा असो वा झोपलेला, त्याच्या हातून झालेलं नुकसान त्याचंच. 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी चक्क सुरात म्हटलं.

तेवढ्यात त्यांची बायको बाहेर आली. तिनं आधी खिडकीतल्या फर्म्यांकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग नवऱ्याकडे. मास्तरांचा सूर तिथेच बसला.

निवाडा मिळाल्यावर टेलरबाईंनी रंगाऱ्याला खाली बोलावलं. चांगलं फैलावर घेतलं. आता तो नाही म्हणेल, भांडेल, आणि त्या गडबडीत सगळं विरून जाईल, अशी मास्तरांना आशा होती. पण रंगाऱ्यानं डब्याकडे पाहिलं, रडणाऱ्या बाईंकडे पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "माझाच असेल, बाई. चुकलं." लगेच वर जाऊन तो टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन आला.

मास्तर एक पाऊल पुढे आले. टर्पेंटाइननं खळ सुटत नाही. उलट रेशमावर पिवळा डाग पडतो, तो जन्माचा. आणि खळ तर वाळायला लागली होती.

"आधी कोमट पाणी लावून बघा की," ते हळूच म्हणाले.

"मास्तर, ऑइलपेंट पाण्यानं गेला असता तर माझा धंदा कधीच बसला असता," रंगारी म्हणाला.

"तरी पण, थोडंसं..."

"तुम्ही पुस्तकं बांधा," टेलरबाई करवादल्या. "त्यांचं काम त्यांना करू द्या."

रंगाऱ्यानं बूच काढलं. फडकं भिजलं. रेशीम आणि फडकं यांच्यात बोटभर अंतर राहिलं.

"थांबा," मास्तर म्हणाले. "रंग नाही तो. खळ आहे. माझी."

रंगाऱ्यानं फडकं मागे घेतलं. मास्तरांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडून पुढचं निघून गेलं, "हिनं ओट्यावर ठेवू दिलं नाही, म्हणून..."

"देवाच्या बागेत पहिल्या माणसानंही देवाला हेच सांगितलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. "बाईनं फळ दिलं म्हणून खाल्लं. मी खिडकी दाखवली होती." आणि ती पाणी तापवायला आत गेली.

कोमट पाण्याच्या तीन घमेल्यांत खळ सुटली. डाग राहिला नाही. पण घेराची दुमड उसवावी लागली होती. टेलरबाईंनी सुई ओवली आणि खड्डेवाल्याच्या हातात दिली. "भरपाई," एवढंच म्हणाल्या. दिवेलागणीपर्यंत मास्तर पुस्तक शिवतात त्या टाक्यानं घेर शिवत बसले. तो टाका नवरीचा संसार टिकेल तितका टिकला असता.

सकाळी पोशाख नवरीकडे गेला, आणि मास्तर तिसऱ्या मजल्यावर चढले. माणसाचं माणसाशी जे चुकतं, ते देवाकडे मागून माफ होत नाही. त्या माणसाकडेच जावं लागतं, आणि त्यानं नाही म्हटलं तर तीनदा. मास्तरांनी तीन वेगवेगळी मनोगतं तयार केली होती, तिसरं तर फारच छान उतरलं होतं. पण पहिलं निम्म्यावर असतानाच रंगारी शिडीवरून म्हणाला, "झालं हो, माफ."

मास्तरांना राहवलं नाही. "पण तुम्ही 'माझा' का म्हणालात? तुमचे डबे तर सगळे वरच होते."

"डबा कुणाचा ते मागाहून बघता येतं. बाई रडत होत्या." आणि तो भिंतीकडे वळला.

इतकी वर्षं अध्याय सांगून हे इतक्या थोडक्यात त्यांना कधी जमलं नव्हतं. मास्तर खाली आले. दोन माफ्या शिल्लक होत्या, आणि त्या कुणाच्या, हे त्यांना जिना उतरता उतरता कळलं. बायको ओटा पुसत होती. त्यांनी दुसरी माफी मागितली. ती ओटा पुसतच राहिली. मग त्यांनी तिसरी मागितली, फार छान उतरलेली ती. सुरात.

बायकोनं फडकं पिळलं. "दोन झाल्या."

"अगं, ही तिसरी होती."

"पहिली रंगाऱ्याला दिलीत. माझ्या दोनच झाल्या," ती म्हणाली. "तिसरी न गाता सांगा."