अंश, छेद आणि चौगुले मॅडम

चौगुले मॅडमच्या टेबलासमोर कुणी ‘फक्त’ म्हणालं, की त्याला उभं राहावं लागतं. शाळेत ठेवतात तसं. मग तो शिपाई असो की तालुक्याचा डॉक्टर. “यंदा आमच्याकडे फक्त दोनच माता दगावल्या, मॅडम,” असं एक डॉक्टर हसत हसत म्हणाले आणि उरलेली बैठक त्यांनी खिडकीपाशी उभ्यानं ऐकली. बसा म्हणून त्यांना कुणी सांगेना. सांगणाऱ्यालाही उभं राहावं लागेल, ही भीती.

मी मॅडमच्या हाताखाली आकडे जमवतो. आरोग्य खात्याच्या कुठल्या कार्यालयात, ते लिहीत नाही. माझी नोकरी कंत्राटी आहे आणि कंत्राट मार्चअखेर संपतं. काम ऐकायला सोपं. जिवंत जन्मलेली बाळं मोजायची, ती रेघेखाली, छेदात. वर्षाच्या आत गेलेली मोजायची, ती रेघेवर, अंशात. भागायचं, हजारानं गुणायचं, की झाला बालमृत्यू दर. आयांचा दर काढताना हजाराच्या जागी लाख. पाचवीतलं पोरगं करेल. मला जमलं नाही. मी बाळांच्या रकान्यातही लाखच टाकले, आणि भर बैठकीत पडद्यावर आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी पाहिलं, तर हजार जन्मांमागे दीड हजार मृत्यू; आमच्या हद्दीत जन्मलेल्यांपेक्षा मेलेली बाळं जास्त! साहेब नुसतेच पाणी पीत राहिले.

“काय रं गड्या,” मॅडम म्हणाल्या, “जन्माला यायच्या आधीच मारलीस व्हय?”

मॅडम मिरजेपलीकडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. गणितातली पदवी, सुती साडी, पायात पुरुषी सँडल. एरवी छापील मराठी बोलतात. चिडल्या की गावाकडची बोली सुरू होते, आणि त्या दिवसातून बराच वेळ चिडलेल्याच असतात. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर राहतं घर भावांनी वाटून घेतलं. दिवाळीत शिपाई कुलूप लावायला येतो, तर ह्या आत बसलेल्या. “तू जा रे घरी, मी लावते,” म्हणतात. किल्ली मात्र त्याच्याकडेच असते, त्यामुळे तो बिचारा फराळाचं सोडून बाहेर बाकावर बसतो.

त्यांच्या चिडण्याला एक शिस्त आहे. चुकीच्या आकड्यावर त्या कमी चिडतात. बरोबर दिसणाऱ्या आकड्यावर जास्त. एका तालुक्याला वर्षात एकही माता दगावली नाही म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. टाळ्या थांबायच्या आत मॅडम उभ्या राहिल्या. “अडलेली बाई दिसली की गाडीत घालायची आन् मिरजंला धाडायची. तिथं मेली की ती त्यांची. मग ती शाल डॉक्टरला कशाला? गाडीच्या डायवरला घाला की!”

ड्रायव्हर मागे उभा होता. तो उगाचच लाजला.

हे सगळं मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचो. लोक हसायचे. मग अश्विनीचं प्रकरण आलं, आणि कशालाही हसणाऱ्या मला हसू येईना.

अश्विनी आमच्या हद्दीत, पाटणच्या वरच्या खोऱ्यात नांदायला आलेली. माहेर मिरजेजवळ. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात आई येऊन तिला घेऊन गेली. मुलगी झाली, धडधाकट. अश्विनीचा रक्तस्राव थांबेना. रक्ताची पिशवी येईपर्यंत ती गेली.

आता मोजायची कुणी? तिकडचं कार्यालय म्हणालं, सासर तुमच्या हद्दीत, बाई तुमची. आमचे साहेब म्हणाले, दोन महिने तिकडे राहिली, तिकडेच तपासली, तिकडेच गेली, बाई त्यांची. बाळाबद्दल मात्र वाद नव्हता. ते तिकडच्यांनी जिवंत जन्मात केव्हाच धरलं होतं. छेद वाढला की दर खाली येतो, मग कुणाला नको असणार?

“पोरगी रेघेखाली घेतली,” मॅडम टेबलावर मूठ आपटून म्हणाल्या, “आन् तिची आई कुठंच न्हाई. हवेत गेली व्हय?”

“मॅडम, एका केसनं आपला दर किती उडतो, माहितीय ना तुम्हाला?” साहेब म्हणाले. “वर काय तोंड दाखवू मी?”

“एक मोजली न्हाई तर ती मेलीच न्हाई म्हणतील. मेली न्हाई तर चौकशी न्हाई. चौकशी न्हाई तर हितल्या उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या का न्हवत्या, ते कोण इचारणार?”

सारा मामला त्या गोळ्यांचा होता. अश्विनीच्या अंगात रक्त कमी आहे, हे सासरीच कळलं होतं. गोळ्यांना गेली की “पुढच्या आठवड्यात या.” पुढचा आठवडा आला, की त्याच्या पुढचा. आणि खोऱ्यात तिच्यासारख्या अजून पोटुशी बायका होत्याच, पुढच्या आठवड्याची वाट पाहत.

साहेबांनी तोडगा काढला. एक कागद टाइप करून घेतला: ‘माझी मुलगी माहेरी कायमची राहण्यास आली होती.’ खाली आईची सही आणायची. सही झाली की बाई आमच्या हद्दीबाहेर. आणायला मॅडमनाच पाठवलं, सोबत मी. मॅडमनी न चिडता कागद माझ्या हातात दिला. ते मला फार भीतिदायक वाटलं. मिरजेपर्यंत मी गाडीत नुसती शेंगदाण्याची पुडी हातात धरून बसलो, खायचा धीर होईना.

घराभोवती ऊस. अश्विनी जाऊन महिना होऊन गेला होता. दारातच तिची आई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. मी घाबरलो की काम करतो. छापील प्रश्न वाचायला लागलो. “अश्विनीताईंचं सध्याचं वय?”

“आता कसलं वय, बाबा,” आई म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आपणहून उभा राहिलो. तसाही मी पुढे कुठल्याच कामाचा नव्हतो.

“जावई आला होता का बाळाला बघायला?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई आला. सासू फोनवर म्हणाली, तुमी न्हेली, तुमीच मारली. खरंच हाय म्हना. त्यास्नी धाडायची न्हवती. मीच हट्ट केला. पयलं बाळतपन, लेक आपल्या दारात नको का?” तिनं माझ्या हातातला कागद पाहिला. “ह्यो कसला?”

मी सांगितलं. चाचरत सांगितलं, पण सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, “द्या हिकडं. कुटं करू सई? कुनालाच नको हाय न्हवं ती? मग माझ्या नावावर धरा. माझीच हाय.”

दोन कार्यालयं, एक सासर, एवढ्या सगळ्यांत तिला आपली म्हणणारी ही एकटी. आणि नेमकी तिचीच सही साहेबांना हवी होती. मला संताप आला, तरी मी पेन पुढे केलं.

मॅडमनी ते पेन मधल्या मध्ये काढून घेतलं.

“लेक तुमचीच,” त्या म्हणाल्या. “पण मरण तुमच्या अंगावर न्हाई घ्यायचं. ते आमचं हाय. रक्त तिच्या अंगात तिकडं सासरीच न्हवतं. आमी गोळ्या दिल्या न्हाईत.”

“पर मी न्हेली नसती तर—”

“तर ही पन गेली असती.” मॅडमनी बाळाकडे बोट दाखवलं. “मी हिशेब केलाय. हजारो बाळंतपनांचा. घाटात, गाडी न्हाई, वाटंत दोघी गेल्या असत्या. तुमी आणली म्हनून ही ऱ्हायली. गणितात चुकत न्हाई मी. ह्याला इचारा.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. असा हिशेब जगात कुणी करू शकत नाही. दर हजारांचा असतो, लाखांचा असतो. एका अश्विनीचं काय झालं असतं ते कुठल्याच रेघेच्या वर किंवा खाली सापडत नाही. हे मला खुद्द मॅडमनीच शिकवलं होतं, तेही ओरडून. तरी मी जोरजोरात मान हलवत राहिलो. अश्विनीची आई रडायला लागली, मोठ्यानं. शेजारीण धावत आली. ती म्हणाली, पोरगी गेल्यापासून ही आजच रडतीय.

मॅडम अंगणात गेल्या आणि तिथून साहेबांना फोन लावला. अर्ध्या गावाला ऐकू गेलं. “सई न्हाई मिळाली. मागितलीच न्हाई! बाई आपली, आपल्यात धरली. आज नोंद चढवते. चौकशी लावा, न्हाईतर मी वर लिहिते. आन् तो कागद चौगुलेबाईनं खाल्ला म्हणून सांगा!”

निघताना आईनं मॅडमना थांबवलं. आतून सूप आणलं. त्यात तांदूळ, नारळ, हिरवा खण. लेकीला सासरी धाडताना भरायला आणून ठेवलेला.

“आवं, माझी कशाला? मी बिनलग्नाची. माझी कुनी भरत न्हाई,” मॅडम मागे सरकल्या.

“ह्या दारातनं लेक रिकामी जात न्हाई,” आई म्हणाली. “पदर करा.”

भल्याभल्यांना उभं करणाऱ्या आमच्या मॅडमनी मुकाट पदर पुढे केला. धरायचा कसा तेच त्यांना येईना. आईनं त्यांचे हात धरून नीट करून दिला.

परतीच्या वाटेवर ओटी मांडीत घट्ट धरून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तोंड आवरणं मला कधीच जमलेलं नाही. मी विचारलं, “मॅडम, तो हजारो बाळंतपणांचा हिशेब तुम्ही कधी केलात?”

त्या ड्रायव्हरवर खेकसल्या.

“हळू चालव की रं. नारळ पडंल माझा.”